पॉवर वाढली की गेम खरंच चांगला होतो का? पीएस२ वाले, पीएस५ वाले, दोघांनी सांगा

गोदाकाठचा_गेमर

मंडळी नमस्कार, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारतो, थोडं लांबतंय पण वाचा. माझा मावसभाऊ बारावी झाला, त्याला कन्सोल घ्यायचंय आणि घरात गेमिंगमधलं कळणारा मी एकटाच म्हणून रोज विचारतोय, दादा सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) घेऊ का निन्टेन्डोचा स्विच २ घेऊ का पैसे वाचवून एक्सबॉक्स सिरीज एस घेऊ. सारखं टेराफ्लॉप टेराफ्लॉप (मशीन सेकंदाला किती आकडेमोड करतं त्याचं माप) चाललेलं असतं त्याचं, सिरीज एस ४ चा, पीएस५ १० चा, सिरीज एक्स १२ चा, म्हणजे एक्सवर गेम तिप्पट भारी असणार ना दादा.

आता मी वाढलो पीएस२ वर. आमच्या नाशिकरोडला एक गेम पार्लर होतं, तासाला वीस रुपये, शनिवारी शाळा सुटली की दप्तरासकट तिथेच. त्या पीएस२ ला रॅम (चालू गेम ठेवायची मेमरी) होती ३२ एमबी. आज फोनवर सात-आठ फोटो काढले की तेवढी जागा संपते, आणि त्या ३२ एमबीत जीटीए सॅन अँड्रियास या गेमची तीन शहरं, मधे वाळवंट, डोंगर, वर विमानं पण. आणि मागच्या दिवाळीत मित्राच्या पीएस५ वर एक मोठा नावाजलेला गेम खेळलो तर चेहऱ्यावरची घामाची थेंबं दिसतायत पण गावातली माणसं खांबासारखी उभी, एकही दार उघडत नाही, मला दोन तासांत कंटाळा आला.

तर प्रश्न असा की मशीनची ताकद वाढल्याने गेमच्या डिझाइनमध्ये नक्की काय बदलतं? नुसतं चित्र छान होतं का खेळण्यातही फरक पडतो? आणि एक लहानपणापासूनचा प्रश्न, जीटीए व्हाइस सिटी या गेममधे आपण एखादी गाडी उचलली की लगेच रस्त्यावर सगळीकडे तीच गाडी का दिसायला लागते? पार्लरमधे यावरून भांडणं व्हायची आमची.

कोल्हापुरी_कंट्रोलर

भावा प्रश्न एक नंबर. माझं मत सरळ हाय, मशीन कमजोर असलं की डिझाइनरला डोकं लावावं लागतं आणि त्यातनंच लई भारी गेम निघालेत. स्पेस इन्व्हेडर्स बघ, १९७८ चा. तोमोहिरो निशिकादोनं बनवला तेव्हा आतला इंटेल ८०८० इतका हळू की सगळे एलियन स्क्रीनवर असले की ते रांगत चालायचे आणि जसजसे आपण मारू तसतसं चिपचं काम कमी होऊन उरलेले पळत सुटायचे. त्यानं ते दुरुस्त नाही केलं, तसंच ठेवलं. शेवटचा एक एलियन सुसाट पळतोय आणि आपली छाती धडधडतीय, ही मजा त्या मंद चिपची हाय.

मारिओचं तर सगळ्यांना माहितीय तरी सांगतो, १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स आख्खा ४० केबीत बसवलाय, त्यातले ढग आणि खालची झुडपं म्हणजे एकच चित्र, फक्त रंग बदललेला. मारिओला मिशी का, तर डाँकी काँगमधे एवढ्याशा चौकोनात तोंड काढायला जागाच नव्हती. टोपी का, तर केस काढणं जमत नव्हतं. आज जगात कुठंबी ती मिशी नि टोपी दाखवा, पोरगं ओळखतंय.

आणि सायलेंट हिल! १९९९, पीएस१. मशीनला लांबचं काही काढायला झेपत नव्हतं म्हणून सगळ्या गावात धुकं आणि अंधार भरला. मी तो रात्री भावाच्या खोलीत बसून खेळलेलो, चार पावलांपुढचं दिसत नाही आणि रेडिओ खरखरायला लागतो, म्हणजे कुठंतरी काहीतरी आलंय पण कुठं ते कळत नाही. पॉवर असती तर ते गाव स्वच्छ दिसलं असतं आणि मग भ्यायचं कशाला?

गेम बॉय घे अजून. १९८९ ला आला, स्क्रीनला रंग नाही, मागनं लाइट नाही. गुनपेई योकोई म्हणून माणूस होता निन्टेन्डोत, त्याचं धोरणच हे की जुनं स्वस्त झालेलं तंत्र घ्या आणि नव्या पद्धतीनं वापरा. समोर सेगाचा गेम गिअर रंगीत, पण सहा सेल तीन ते पाच तासांत खाऊन टाकायचा, गेम बॉय चार सेलवर दहा तासांच्या वर चालायचा. गेम बॉय आणि पुढचा कलर धरून साधारण ११.८ कोटी विकले गेले. पोरांना पॉवर नको होती, प्रवासात खेळायला पाहिजे होतं.

रात्री_अकरानंतर

कोल्हापूरकर, सगळी उदाहरणं मान्य पण एक गोष्ट सुटतेय. जे गेम त्या अडचणीतून चांगले निघाले ते आपल्याला आठवतात, जे त्याच अडचणीमुळे वाया गेले ते कोणी आठवत नाही. धुक्यातला पीएस१ चा सायलेंट हिल एक, आणि धुकं भरून फुकट गेलेले गेम ढीगभर, सीडीच्या दुकानात बघितलेत आपण सगळ्यांनी.

मी डेड रायझिंगचं उदाहरण देतो कारण त्यात हे अगदी उघडं दिसतं. २००६, एक्सबॉक्स ३६०. मॉलमधे आपण अडकलोय आणि स्क्रीनवर एकावेळी शेकडो झॉम्बी. एकेकटा झॉम्बी काहीच नाही, हळू चालतो, लहान पोरगंही मारेल, पण गर्दी हाच तिथला प्रश्न आहे, या दुकानातून त्या दुकानात जायचं तर कुठून वाट काढायची, वर घड्याळ चाललंय, माणसं वाचवायचीयत. मग २००९ ला तोच गेम निन्टेन्डोच्या वी (Wii) कन्सोलवर आणला. वी विकला गेला १० कोटींच्या वर पण आत ताकद नव्हती, त्यामुळे झॉम्बी एकदम कमी झाले, फोटो काढायचा अख्खा भाग कापला, आणि गर्दी गेल्यावर उरला काय तर मोकळ्या मॉलमधे इकडून तिकडे फिरणं. चित्र थोडं खराब असतं तरी मी चालवून घेतलं असतं हो, पण तो गेमच राहिला नाही. तिथे पॉवर म्हणजेच डिझाइन होतं.

दुसरं, स्पायडरमॅन. पीएस४ वरचा, २०१८. त्यात गेममधल्या हीरोची कितीही पॉवर वाढवा, झोके घ्यायचा वेग एका मर्यादेपुढे जातच नाही, कारण हार्डडिस्कवरून शहर त्याहून जास्त वेगाने येऊच शकत नव्हतं, हे पीएस५ चा आर्किटेक्ट मार्क सर्नीनेच सांगितलंय. आणि हार्डडिस्कची सुई इकडेतिकडे पळू नये म्हणून टपालपेटीसारखी तीच ती वस्तू डिस्कवर चारशे वेळा कॉपी करून ठेवलेली! पीएस५ ची एसएसडी (नव्या जातीची वेगवान डिस्क) सेकंदाला साडेपाच जीबी वाचते, जुनी हार्डडिस्क कशीबशी ५० ते १०० एमबी. हीरो किती वेगाने उडेल हे डिस्क ठरवत होती, याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

आणि निन्टेन्डोच घ्या. मारिओ कार्ट वर्ल्ड आधी जुन्या स्विचसाठीच सुरू केला होता, सगळे ट्रॅक एकमेकांना जोडलेलं एकच मोठं जग आणि १२ ऐवजी २४ गाड्या, पण ते जुन्या मशीनवर जमेना म्हणून शेवटी स्विच २ वर नेला. कल्पना तीच, माणसं तीच, मशीन बदललं तेव्हा जमलं.

सिरीज एस बद्दल बोलायचं तर आधी मला वाटायचं स्टुडिओवाले उगाच रडतात, नाचता येईना अंगण वाकडं. पण बाल्डर्स गेट ३ ला खरंच अडकलं. दोन जणांनी एकाच टीव्हीवर स्क्रीन अर्धी करून खेळायचं, ते १० जीबी रॅममधे बसेना, पीएस५ वर सप्टेंबर २०२३ ला आला आणि एक्सबॉक्सवर डिसेंबरमधे, तोही एसवर ती सोय नसताना. माझा आणि बायकोचा एकत्र खेळायचा प्लॅन होता, आमच्याकडे एसच आहे, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी कागदावरचा नाहीये.

चौथा_फ्लोअर

मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत लेव्हल डिझाइन करते, सहा वर्षं झाली, त्यामुळे राहवलं नाही. तुम्हा दोघांचंही बरोबर आहे पण 'पॉवर' हा एकच शब्द घेऊन बोलताय म्हणून भांडण होतंय. आम्ही कामात कधीच पॉवर म्हणत नाही, आम्ही विचारतो काय कमी पडतंय? मेमरी, प्रोसेसर, ग्राफिक्स का डिस्क? चारही वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीने गेमचं वेगळं काहीतरी बिघडतं.

आधी गाडीचं उत्तर देते कारण ते मेमरीचंच आहे. रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या गाडीचं मॉडेल आणि तिचं टेक्श्चर (वर चढवलेलं रंगाचं चित्र) मेमरीत असावं लागतं. ३२ एमबीत रस्ते, इमारती, माणसं, आवाज सगळं बसवून गाड्यांना जागा उरते मोजक्या प्रकारांपुरती. तुम्ही एखादी गाडी उचलली की ती मेमरीत ठेवणं भागच आहे, तुम्ही तिच्यात बसलाय ना, मग गेम म्हणतो आहेच लोड केलेली तर ट्रॅफिकमधेही हीच सोडू. म्हणून दुर्मीळ गाडी शोधायला तास जातो आणि एकदा मिळाली की दर चौकात तीच.

सॅन अँड्रियास मोठा का वाटायचा तेही सांगते. धूसर हवा आणि वळणावळणाचे रस्ते. एका शहरातून दुसरं दिसतच नाही, त्यामुळे आपण लांब आलोय असं वाटतं. २०२१ ला त्याची नवी आवृत्ती आली त्यात सुरुवातीला ते धुकं काढून टाकलेलं, आणि डोंगरावर उभं राहिलं की तिन्ही शहरं एकमेकांना चिकटलेली, एखाद्या टेबलावर मांडलेल्या मॉडेलसारखी. मशीन कितीतरी पटीने ताकदवान आणि जग एकदम लहान. धुकं मशीनसाठी घातलेलं हे खरं पण डिझाइनरनी त्याच्याभोवती अख्खा नकाशा विणला होता, मग धुकं नुसतं उचलून बाजूला ठेवता येत नाही.

मेमरी किती आहे एवढंच नाही, ती कशी वाटलीय तेही बघावं लागतं. एक्सबॉक्स ३६० आणि पीएस३ दोघांकडे ५१२ एमबी. पण ३६० वर सगळी एकत्र, हवी तशी वापरा, पीएस३ वर २५६ प्रोसेसरची आणि २५६ ग्राफिक्सची. २०११ ला स्कायरिम आला तेव्हा पीएस३ वर जसजसा तुमचा सेव्ह मोठा होत जाई तसा गेम अडखळायला लागायचा, कारण तुम्ही जगात जे जे हलवलं, उचललं, फेकलं ते सगळं तो लक्षात ठेवतो. कागदावर पीएस३ चा प्रोसेसर कुणालाही ऐकणार नव्हता.

आता प्रोसेसर. सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) दाखवणारा गेम असेल तर एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद, ६० चा असेल तर साडेसोळा. त्या साडेसोळात शत्रूंनी विचार करायचा, वस्तू पडायच्या, आवाज लागायचा, चित्र काढायचं. माझा निम्मा दिवस प्रोफायलर (वेळ मोजणारं टूल) उघडून कोण किती मिलिसेकंद खातंय हे बघण्यात जातो. हेलो ५ मधे २०१५ ला एका टीव्हीवर दोघांनी खेळायची सोय काढून टाकली ती ६० फ्रेम सांभाळायला, आणि पिढ्यानपिढ्या मित्रांबरोबर सोफ्यावर बसून तो गेम खेळणारे लोक दुखावले. हा निर्णय कुणीतरी मीटिंगमधे मिलिसेकंद मोजत घेतलेला असतो. बाहेरून दिसत नाही.

माझाच एक अनुभव सांगते. तीन जीबी रॅमच्या फोनवर चालला पाहिजे अशा एका गेमसाठी मी जत्रेची लेव्हल केली होती. देवळापुढे गर्दी, पाळणे, खेळण्यांची दुकानं, ढोल, गुलाल. मी लहानपणी गावच्या जत्रेत हरवले होते, तो सीन तसाच करायचा होता मला. फोनवर लावला तर सेकंदाला अकरा फ्रेम. माणसं निम्मी केली, एलओडी (लांबच्या वस्तूंची साधी मॉडेलं) लावले, टेक्श्चर एकत्र केली, काही केल्या वीसच्या वर जाईना. प्रॉडक्शनकडून निरोप आला की लेव्हल काढून टाका. मी दोन दिवस मागून घेतले आणि दिवसाची रात्र केली. मग फक्त कंदिलांच्या उजेडाच्या गोलात जेवढी माणसं येतात तेवढीच खरी, बाकी मागे सावल्या आणि भरपूर आवाज. तीस फ्रेम मिळाल्या. आणि खेळून बघणाऱ्यांपैकी दोघीजणी म्हणाल्या की आईचा आवाज गर्दीतून येतो पण ती दिसत नाही तेव्हा पोटात खड्डा पडला. मला जी लेव्हल करायची होती ती हीच होती, उजेडातल्या पहिल्या लेव्हलमधे ती नव्हती. पण म्हणून मी असं म्हणणार नाही की फोन कमजोर होता ते बरं झालं. दुसऱ्या दोन लेव्हल आम्ही अशाच कापल्या आणि त्यांचं काहीच भलं झालं नाही, नुसत्या गेल्या.

पुण्याचाच राजी गेम आठवतोय का, नॉडिंग हेड्स स्टुडिओचा? ऑगस्ट २०२० ला आधी स्विचवर आला, जो मुळात मोबाइलच्या जातीची चिप आणि ४ जीबी रॅम असलेला. कॅमेरा वर आणि लांब ठेवलाय, त्यामुळे राजस्थानी महाल आख्खे दिसतात, चेहऱ्यावर बारकावे लागत नाहीत, आणि गोष्ट सांगायला बाहुल्यांच्या खेळासारखे सीन घेतलेत. छोट्या टीमला झेपेल आणि मशीनलाही झेपेल असा निर्णय, आणि दिसायला आपला.

कोल्हापुरी_कंट्रोलर

ताई, जत्रेचं वाचून काटा आला अंगावर. तो गेम कुठला ते सांगता येत असेल तर सांगा, नसेल तर राहू दे. पण माझा एक प्रश्न राहिला, एवढी पॉवर आली तर शत्रूंची अक्कल का नाही वाढली? फिअर गेम २००५ चा, त्यातले सैनिक मला मागनं येऊन घेरायचे, मी लपलो की ग्रेनेड टाकून बाहेर काढायचे, आणि आत्ता गेल्या महिन्यात नवा गेम घेतला तर शत्रू भिंतीकडं तोंड करून उभा.

चौथा_फ्लोअर

गेमचं नाव नाही सांगता येत, करारात आहे. फिअरचं उत्तर ऐका, त्याच्या शत्रूंच्या कोडमधे स्टेट (वागायच्या अवस्था) तीनच होत्या, वर एक प्लॅनर बसवलेला जो आत्ता काय करायचं ते ठरवायचा, ही जेफ ऑर्किनची कल्पना. प्रोसेसर फार लागत नव्हता. आणि निम्मी जादू बोलण्याची होती, सैनिक ओरडून सांगतो तो बाजूने पळतोय, कव्हर द्या, मग आपल्याला वाटतं हे ठरवून करतायत. शिवाय लेव्हल तशा बांधलेल्या, प्रत्येक खोलीला दोन-तीन वाटा, म्हणजे घेरायला जागा. हे माणसाचं काम आहे, त्याला टेराफ्लॉप लागत नाही, वेळ लागतो.

आणि वेळ कुठे जातो, तर तुमच्या त्या घामाच्या थेंबात. मशीनला जितकं बारीक दाखवता येतं तितकं कुणीतरी बसून बनवावं लागतं, एक खुर्ची आधी एक माणूस दोन दिवसांत करायचा तिला आता आठवडा जातो. जीटीए ३ आला २००१ ला, व्हाइस सिटी २००२ ला, सॅन अँड्रियास २००४ ला, चार वर्षांत तीन. पाचवा २०१३ ला आणि सहाव्यासाठी लोकांची बारा वर्षांच्या वर वाट पाहून झाली. स्पायडरमॅन २ चं बजेट बातम्यांमधे साधारण ३० कोटी डॉलर आलं होतं. एवढा पैसा लावल्यावर कुणी नवीन काही करायला धजत नाही, जे चाललंय तेच परत करतात. खेळ तोच तोच वाटतो याचा मोठा भाग मला तरी इथे दिसतो.

वेळेचं उलट उदाहरणही आहे. झेल्डाचा टिअर्स ऑफ द किंगडम, मे २०२३, तोच २०१७ चा स्विच, तीच चिप. कुठलीही वस्तू कुठल्याही वस्तूला चिकटवा, गाडी करा, होडी करा, उडवा, आणि ते मोडत नाही. गेम पूर्ण झाल्यावर एक अख्खं वर्ष नुसतं घासूनपुसून नीट करण्यात घालवलं त्यांनी. आमच्याकडे मला दोन दिवस मागून घ्यावे लागतात, तिथे एक वर्ष. त्या गेमचं सगळे कौतुक करतात, मला त्या वर्षाचा हेवा वाटतो.

रात्री_अकरानंतर

हे पटलं. फक्त मावसभावाला सांगा की जुन्या मशीनवर नवा गेम घेताना सांभाळून. सायबरपंक डिसेंबर २०२० ला पीएस४ वर ज्या अवस्थेत आला ते मी पैसे भरून बघितलंय, सोनीने आठवड्याभरात आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला होता, परत यायला जून २०२१ उजाडलं. पुढचा मोठा भाग त्यांनी पीएस४ साठी काढलाच नाही. माझं मत, दोघातिघांनी एका टीव्हीवर खेळायचं असेल तर स्विच २, एकट्याने मोठे गेम खेळायचे असतील तर पीएस५. टेराफ्लॉप बघूच नको म्हणावं, आधी खेळायचेत त्या पाच गेमची यादी कर आणि ते कशावर आहेत ते बघ.

गोदाकाठचा_गेमर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. गाडीचं कोडं वीस वर्षांनी सुटलं, पार्लरमधला दोस्त आता दुबईला असतो, त्याला लगेच व्हॉइस मेसेज केला, तो म्हणाला मी तेव्हाच म्हणत होतो मेमरीचं आहे. तो तसं म्हणत नव्हता.

काल भाऊ घरी आला होता तर माळ्यावरून पीएस२ काढला, चालू झाला, सॅन अँड्रियास लावला आणि काही न सांगता त्याच्या हातात दिला. अर्ध्या तासाने माउंट चिलियाडवर मोटरसायकल घेऊन उभा होता आणि विचारत होता दादा त्या धुक्याच्या पलीकडे काय आहे, तिथे जाता येतं का. म्हटलं जा की. जेवायला तीनदा हाका माराव्या लागल्या.

यादी केली त्याने, पाचातले चार पीएस५ वर आहेत. दसऱ्याला घेतोय, डिस्कवालाच, म्हणजे गेम मित्रांत अदलाबदल करता येतील. नाशिकमधे कुणी डिस्क एक्सचेंज करत असेल तर सांगा.